स्त्रीचे शील आणि स्त्रीचा मोक्ष

स्त्रीच्या स्वभावाबद्दलचा तात्त्विक वाद वरवर एकच दिसतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. स्त्री आणि पुरुष यांच्यात शरीरापलीकडे काही भेद आहे का, हा पहिला. तो भेद बुद्धीत आणि चारित्र्यात उतरतो का, हा दुसरा. आणि उतरत असला तरी तो तिच्या आत्मविकासाच्या आड येतो का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांवर शतकानुशतके शाई खर्च झाली. वादाचा निकाल मात्र तिसऱ्यावर लागतो. दोन माणसांत भेद असणे ही एक गोष्ट, आणि तो भेद हातातल्या कामाला बाधक असणे ही दुसरी.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, बीडच्या सीमेला लागून असलेला पाथर्डी तालुका हा वाद अभ्यासायला सोयीचा आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगांत, थोड्याथोडक्या अंतरावर मोहट्याची देवी आहे, मढीचे कानिफनाथ आहेत, पाथर्डी गावात स्थानकवासी जैनांच्या जुन्या शिक्षणसंस्था आहेत आणि खरवंडीजवळ भगवानगड ही वारकरी वळणाची गादी आहे. शाक्त, नाथ, जैन आणि वारकरी या चारही परंपरांना स्त्रीबद्दल काही म्हणायचे आहे. चौघींचे म्हणणे सारखे नाही आणि एकेका परंपरेच्या आतही ते एकसंध नाही.

मोहटादेवी ही माहूरच्या रेणुकेचे रूप मानली जाते. नवरात्रात तिच्या डोंगरावर नगर-बीडच नव्हे तर मराठवाड्याच्या आतल्या भागातूनही माणसे येतात. रेणुकेची मूळ कथा महाभारताच्या वनपर्वात आहे आणि ती शीलाच्या कल्पनेबद्दल बरेच काही सांगते. नदीवर गेलेल्या रेणुकेने चित्ररथ राजाला जलक्रीडा करताना पाहिले आणि क्षणभर तिचे मन चळले. घरी परतल्यावर जमदग्नीने ते ओळखले आणि मुलांना तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा दिली. थोरल्यांनी नकार दिला, धाकट्या परशुरामाने आज्ञा पाळली. मग मिळालेल्या वरातून त्याने आई जिवंत करून घेतली, आणि घडलेले तिला आठवू नये असेही मागून घेतले.

या कथेत शील हे कृतीत नाही, मनाच्या एका क्षणिक हालचालीत मोजले आहे. नीतिशास्त्रात हेतूला कृतीपेक्षा अधिक वजन देणारी मते आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने मनाची शुद्धी हा उंच आदर्श ठरतो. पण आदर्श उंच असेल तर तो सर्वांना लागू व्हायला हवा. इथे तो एकटीला लागू होतो. जमदग्नीचा क्रोधही मनाचाच विकार. त्याला मात्र कथेत कोणी शिक्षा ठोठावत नाही. शीलाची कसोटी जितकी सूक्ष्म, तितकी ती तपासणाऱ्याच्या हाती सत्ता अधिक, हे या कथेइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

लोकांनी मात्र डोंगरावर देवी म्हणून बसवली ती शिक्षा देणाऱ्याला नव्हे, शिक्षा भोगणारीला. शाक्त विचारात शक्ती हे विश्वाचे मूळ तत्त्व आहे. मार्कंडेयपुराणातल्या देवीमाहात्म्यात तर देवांचे तेज एकत्र येऊन देवी प्रकटते आणि ती कोणाची पत्नी म्हणून लढत नाही. जगातल्या सगळ्या स्त्रिया तिचेच अंश आहेत, असेही त्या ग्रंथाचे म्हणणे. इथे स्त्रीतत्त्वाचे मोल पुरुषतत्त्वाच्या वरचे आहे. तरीही या सिद्धान्तातून घरातल्या बाईला वारसा किंवा गावकीत बोलण्याचा अधिकार आपोआप मिळाला असे झाले नाही. तत्त्व म्हणून स्त्री थोर आणि व्यक्ती म्हणून स्त्री परतंत्र, ही विभागणी शाक्त परंपरेला फारशी खटकलेली दिसत नाही.

मढी हे कानिफनाथांचे समाधिस्थान. मच्छिंद्रनाथांचे सावरगाव, जालिंदरनाथांचे येवलवाडी आणि गहिनीनाथांचे चिंचोली ही ठाणी शेजारच्या बीड जिल्ह्यात आहेत. त्यामुळे हा सगळा पट्टा नाथपंथाचाच म्हणावा लागतो. मराठी घरांत नाथांच्या कथा पोचल्या त्या मुख्यतः मालुकवीच्या 'नवनाथ भक्तिसार' या १८१९ च्या पोथीतून. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या कथेत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकतात आणि शिष्य गोरक्षनाथ त्यांना तिथून सोडवून आणतो. हठयोगाच्या साधनेत वीर्यरक्षणाला मध्यवर्ती स्थान असल्याने स्त्री तिथे मोहाचे, बंधाचे रूप म्हणून येते. साधक पुरुष आहे हे या मांडणीत गृहीतच धरलेले. पुरुषाच्या साधनेतली अडचण स्त्रीच्या नावावर मांडायची आणि मग ती अडचण म्हणजेच तिचा स्वभाव असे म्हणायचे, ही युक्ती जगातल्या बहुतेक संन्यासमार्गांत सापडते. नाथपंथ त्याला अपवाद नाही.

पण त्याच पोथीत मैनावतीही आहे. राजा गोपीचंदाची ही आई जालिंदरनाथांची शिष्या. देह नाशवंत आहे हे तिला मुलाच्या आधी उमगते आणि राज्य सोडून योग घ्यावा म्हणून तीच त्याच्यामागे लागते. गोपीचंद आईच्या या गुरूला खड्ड्यात पुरतो, कानिफनाथ येऊन गुरूची सुटका घडवतात आणि अखेर गोपीचंद दीक्षा घेतो. स्त्रीराज्याच्या कथेत स्त्री योग्याला खाली ओढते, मैनावतीच्या कथेत ती राजाला वर चढवते. दोन्ही कथा एकाच पोथीच्या आणि ऐकणारेही तेच. गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथांकडे आलेल्या परंपरेत मुक्ताबाई आहे, आणि वयाने, सिद्धींनी कितीतरी थोर मानल्या गेलेल्या चांगदेवाने तिला गुरू केले असे वारकरी मानतात. सिद्धान्तात स्त्रीबद्दल संशय आणि गुरुपरंपरेत स्त्रीला गुरुपद, असा हा विसंवाद आहे. त्याची तर्कशुद्ध उकल करण्याचा प्रयत्न नाथांनी किंवा वारकऱ्यांनी केला नाही.

तो प्रयत्न जैनांनी केला. स्त्रीला स्त्रीदेहाने मोक्ष मिळू शकतो का, या प्रश्नावर श्वेतांबर आणि दिगंबर पंडितांनी जवळजवळ हजार वर्षे वाद घातला. भारतीय दर्शनांत स्त्रीच्या आत्मिक पात्रतेवर इतकी दीर्घ आणि न्यायशास्त्राच्या शिस्तीतली चर्चा दुसरीकडे नाही. स्थानकवासी हे श्वेतांबरांपैकी मूर्तिपूजा न मानणारे. म्हणून पाथर्डीच्या जैन समाजाचा वारसा या वादातल्या होकारार्थी बाजूचा आहे.

दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती: आत्म्याला लिंग नाही. लिंग हे कर्माने मिळालेल्या देहाचे. वाद होता तो या देहात राहून सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य ही तीन रत्ने पूर्णत्वाला नेता येतात का, एवढाच. दिगंबरांचा पहिला आक्षेप वस्त्राचा. संपूर्ण अपरिग्रहासाठी मुनीने दिगंबर राहिले पाहिजे. स्त्रीला ते शक्य नाही. म्हणून तिची दीक्षा पूर्ण नाही आणि मोक्षही नाही. कुंदकुंदाचार्यांच्या सुत्तपाहुडात याच्या जोडीला शरीराचाही आक्षेप आहे: स्त्रीच्या काही अवयवांत सूक्ष्म जीव सतत उत्पन्न होतात आणि मरतात, त्यामुळे तिच्याकडून नकळत हिंसा होत राहते.

होकाराची सर्वांत धारदार मांडणी केली ती श्वेतांबराने नव्हे, यापनीय पंथाच्या शाकटायनाने. यापनीय हा दख्खनातला, मुख्यतः कर्नाटकातला, आता लुप्त झालेला पंथ. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीमुक्ती मानत. शाकटायन नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी होऊन गेला. आजचा नगर-बीडचा मुलूखही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच अमलाखाली होता. शाकटायनाचे 'स्त्रीनिर्वाणप्रकरण' हे छोटे पद्यबद्ध प्रकरण. वस्त्राच्या आक्षेपाला त्याचे उत्तर असे: परिग्रह म्हणजे वस्तू जवळ असणे नव्हे, तिच्यावरची आसक्ती, ही व्याख्या तत्त्वार्थसूत्रातलीच आणि दोन्ही पक्षांना मान्य. ध्यानात बसलेल्या नग्न मुनीच्या अंगावर कोणी वस्त्र टाकले तर तो परिग्रही ठरत नाही. मग संघाचा नियम म्हणून, आसक्तीवाचून, वस्त्र वापरणारी साध्वी परिग्रही कशी?

त्याहून रंजक आहे सातव्या नरकाचा युक्तिवाद. जैन विश्वरचनेत सात नरक एकाखाली एक आहेत आणि मोक्षाचे स्थान लोकाच्या अगदी माथ्यावर. सातव्या नरकात जाण्याइतके तीव्र पाप स्त्री करू शकत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. दिगंबरांनी त्यावरून निष्कर्ष काढला की जिच्यात टोकाचे वाईट करण्याची तीव्रता नाही, तिच्यात टोकाचे चांगले साधण्याचीही नसणार. (फार दुष्ट होता येत नाही, म्हणून स्त्री अपात्र ठरली. स्त्रीच्या विरोधात आजवर दिल्या गेलेल्या कारणांत याइतके अजब कारण विरळाच.)

शाकटायनाने इथे न्यायशास्त्रातला व्याप्तीचा प्रश्न उभा केला. सातव्या नरकात जाण्याची क्षमता आणि मोक्षाची क्षमता यांत कार्यकारण संबंध आहे का? तो नाही, कारण प्रतिपक्षाच्याच शास्त्राप्रमाणे मासा सातव्या नरकात जाऊ शकतो, पण त्याला मोक्ष नाही. सरपटणारे प्राणी, पक्षी, चतुष्पाद यांची खालची मर्यादा वेगवेगळी, पण वर मात्र सगळे एकाच स्वर्गापर्यंत, सहस्रारापर्यंत, जाऊ शकतात. आणि ज्याचा हा शेवटचाच देह आहे तो पुरुष तर सातव्या नरकात जाणारच नसतो, तरी त्याला मोक्ष मिळतो. खालची झेप आणि वरची झेप यांचे माप एक नाही. मग फक्त स्त्रीच्या बाबतीत ते एक कसे धरायचे?

बाकीचे आक्षेप त्याने याच पद्धतीने निकालात काढले. स्त्रिया वादविवादात कमी पडतात, त्यांना काही सिद्धी मिळत नाहीत, असे म्हटले गेले; पण अल्पश्रुत मुनींना मोक्ष मिळाल्याची उदाहरणे परंपरेतच होती. मुनी साध्वीला वंदन करत नाहीत, म्हणून ती हीन, असेही म्हटले गेले. पण गुरू शिष्याला वंदन करत नाही, तरी शिष्याला मोक्ष मिळतोच. अकराव्या शतकातल्या प्रभाचंद्राने 'न्यायकुमुदचंद्रा'त दिगंबर बाजू पुन्हा बांधून काढली. वाद तिथेही थांबला नाही. सतराव्या शतकात मेघविजय हा श्वेतांबर लेखक तो पुन्हा लढवताना दिसतो.

शाकटायनाची रीत ओळखीची वाटावी, कारण ग्रीसमध्ये प्लेटोने 'रिपब्लिक'च्या पाचव्या पुस्तकात तीच वापरली आहे. टकला चांभार आणि केसाळ चांभार यांच्यात फरक आहे, पण जोडे शिवण्याच्या कामाला त्या फरकाचा काय संबंध, असा तिथे सवाल आहे. मूल जन्माला घालणारी आणि बीज देणारा हा भेदही राज्यकारभाराच्या पात्रतेला तितकाच अप्रस्तुत. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल मात्र मागे फिरला. स्त्रीला विचारशक्ती आहे पण तिला अधिकार नाही, असे त्याने 'पॉलिटिक्स'मध्ये लिहिले आणि स्त्रीचे सद्गुण पुरुषापेक्षा वेगळ्या जातीचे ठरवले. युरोपात पुढे फार काळ चालले ते ॲरिस्टॉटलचे. रूसोच्या 'एमील' (१७६२) मधली सोफी पुरुषाला रुचेल अशीच घडवली जाते. त्यावर मेरी वुल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये आक्षेप घेतला तो असा की सद्गुणांना लिंग नसते. पुरुषाला वेगळे आणि स्त्रीला वेगळे सद्गुण नेमून दिले तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

स्त्रीमुक्तीच्या वादात आधुनिक महाराष्ट्राचाही एक अंक आहे. दिगंबरांच्या 'षट्खंडागम' या प्राचीन ग्रंथाचा धवला टीकेसह पहिला खंड डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध केला. त्यातल्या एका सूत्रात मनुष्यस्त्रीच्या संदर्भात 'संजद', म्हणजे संयत, पूर्ण संयमी, हा शब्द हवा असे संपादकाला वाटले. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर तो शब्द खरोखरच आढळला. तो तिथे असेल तर स्त्रीलाही मुनीच्या पातळीचा संयम साधतो असा अर्थ निघतो. म्हणून पंडितांत मोठा वाद माजला आणि ग्रंथ ताम्रपटांवर कोरताना तो शब्द ठेवावा की वगळावा यावर मते फुटली. ज्यांनी ठेवला त्यांनीही तो शरीराने स्त्री असलेल्या व्यक्तीला लागू न होता केवळ भावाने स्त्री असलेल्या पुरुषाला लागू होतो, असा अर्थ लावण्याची सोय पाहिली.

श्वेतांबर बाजू या वादात उदार दिसते आणि बऱ्याच अंशी ती आहेही. उत्तराध्ययन सूत्रात एका समयाला १०८ पुरुष आणि २० स्त्रिया सिद्ध होऊ शकतात असे गणित दिले आहे. एकोणिसावी तीर्थंकर मल्ली ही श्वेतांबरांच्या मते स्त्री होती. दिगंबर तिला पुरुष मानतात. श्वेतांबरांच्या मते या युगात सर्वांत आधी मोक्षाला गेली ती ऋषभदेवांची आई मरुदेवी. महावीरांच्या संघात १४,००० साधू आणि ३६,००० साध्वी होत्या असे कल्पसूत्र सांगते, आणि साध्वींची प्रमुख चंदनबाला होती. साध्वी राजीमतीने तर वाट चुकलेल्या रथनेमी या मुनीला गुहेत खडसावून पुन्हा मार्गावर आणले.

मल्लीची कथा ज्ञाताधर्मकथेत आहे. तिच्या रूपावर लुब्ध झालेले सहा राजे एकाच वेळी चालून येतात. तिने आधीच स्वतःची सोन्याची पोकळ प्रतिमा घडवून घेतलेली असते आणि रोज तिच्यात अन्नाचा एकेक घास टाकलेला असतो. राजे प्रतिमेकडे टक लावून पाहत असताना ती झाकण काढते आणि कुजलेल्या अन्नाच्या दुर्गंधीने त्यांना नाक धरावे लागते. बाहेरून सोने असलेल्या देहाच्या आत काय आहे ते पाहा, एवढेच ती सांगते. नाथकथांत पुरुषाला मोहात पाडणारे म्हणून आलेले स्त्रीशरीर इथे पुरुषाला मोहातून सोडवण्याचे साधन झाले आहे, आणि ते वापरणारी ती स्वतः आहे. कथेला एक काटाही आहे. मल्लीला स्त्रीजन्म का मिळाला, तर मागल्या जन्मी महाबल राजा असताना तिने मित्रांना फसवून त्यांच्यापेक्षा जास्त उपवास केले म्हणून. म्हणजे स्त्रीदेहाने मोक्ष मिळतो हे मान्य करणाऱ्या परंपरेतही स्त्रीदेह हे कपटाचेच फळ.

हा काटा आचारातही आहे. जैन साधूंच्या दहा कल्पांपैकी एक पुरुषज्येष्ठतेचा. शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या साध्वीनेही आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करायचे, असा त्याचा आशय. मोक्षाचे दार उघडे, पण उपाश्रयात जागा खालची. अनेक अभ्यासकांना ही विसंगती वाटते. परंपरेचे समर्थक तो केवळ व्यवहाराचा नियम मानतात. शाकटायनाचेच तर्कशास्त्र लावले तर वंदनावरून पात्रता ठरत नाही हे खरे. मग पात्रता समान असताना वंदन एकाच दिशेने का, याचे उत्तर तर्कशास्त्राकडे नाही.

पाथर्डीचे या इतिहासातले स्थान शिक्षणामुळे आहे. तालुक्यातल्या चिचोंडी गावी १९०० साली जन्मलेल्या आनंदऋषींनी १९१३ मध्ये जवळच्याच मिरी इथे रत्नऋषींकडून दीक्षा घेतली. पुढे ते स्थानकवासी श्रमण संघाचे आचार्य झाले आणि १९९२ मध्ये अहमदनगरला निवर्तले. ज्ञानाच्या प्रसाराला ते आणि त्यांचे गुरू आचारधर्माइतकेच महत्त्व देत. तिलोकऋषी आणि रत्नऋषी यांच्या नावाने पाथर्डीत श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. ठरलेला अभ्यासक्रम, टप्प्याटप्प्याच्या परीक्षा आणि पदव्या अशी त्याची रचना. श्रावक-श्राविका आणि साधू-साध्वी असे सगळेच त्या परीक्षांना बसत. साध्वींच्या दृष्टीने याचे मोल वेगळेच होते. शास्त्र शिकायला मिळणे गुरूच्या मर्जीवर आणि गच्छाच्या रिवाजावर अवलंबून असताना, उत्तरपत्रिका तपासली जाते ती लिहिणारी कोण हे न पाहता.

पुणे जिल्ह्यातल्या चासकमान गावी १९३७ मध्ये जन्मलेल्या शकुंतला कटारिया यांनी लहान वयात दीक्षा घेतली आणि त्या साध्वी चंदना झाल्या. त्यांच्या अभ्यासात पाथर्डी बोर्डाच्या परीक्षांचाही समावेश होता. राजगीरच्या वीरायतन या संस्थेतून त्यांनी दवाखाने आणि शाळा उभ्या केल्या. साध्वीने लौकिक सेवेत पडावे का, यावर टीकाही झाली. १९८७ मध्ये उपाध्याय अमरमुनींनी त्यांना आचार्यपद दिले. जैन संघात हे पद मिळालेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुरुषज्येष्ठतेचा नियम त्यामुळे रद्द झाला नाही. पण चंदनबालेच्या नंतर इतक्या उशिरा का होईना, पद आणि पात्रता एका स्त्रीच्या ठायी एकत्र आली.

वारकरी परंपरेत या प्रश्नाचा तात्त्विक ग्रंथ नाही, पण एक आत्मचरित्र आहे. बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांचा जन्म देवगावचा. ब्राह्मण घरातल्या या विवाहितेने तुकोबांना स्वप्नात गुरू केले, त्याबद्दल नवऱ्याचा मार खाल्ला, आणि तरीही संसार सोडला नाही. स्त्रीजन्माला वेदाचा अधिकार नाही आणि मंत्र कानी पडू दिला जात नाही, ही खंत त्यांच्या अभंगांत उघड आहे. पतिव्रताधर्म एका बाजूला, भक्तीने मिळणारी आत्मोन्नती दुसऱ्या बाजूला. बहिणाबाईंनी दोन्ही सोडले नाहीत, आणि त्यामुळेच त्यांची साक्ष मोलाची आहे. अखेरच्या काळात त्यांनी मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले. जैन कथांत स्त्रीजन्म हा मागच्या चुकीचा हिशेब. बहिणाबाईंच्या सांगण्यात मात्र तो एका लांबलचक साधनेचा शेवटचा टप्पा. बारा जन्मांत न साधलेले याच देहात साधले, असा त्या निवेदनाचा रोख आहे.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाची भाषाच बदलली. मोक्षाची जागा शिक्षणाने घेतली. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८३९ मध्ये अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या; सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत झाले. मुली शिकू शकतात का, ही शंका अशा शाळांनी वाद न घालता मोडीत काढली. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ मध्ये म्हटले की स्त्रीचा स्वभाव म्हणून जे दिसते ते दडपणाखाली वाढलेले कृत्रिम रूप आहे. मोकळ्या परिस्थितीत ती कशी असेल हे कोणी पाहिलेलेच नाही. म्हणजे 'स्वभाव' हा शब्द पुरावा म्हणून वापरताच येत नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले ते मिलपेक्षा रागाने, आणि तितक्याच नेमकेपणाने. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचे आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर सुटलेल्या टीकेचे. साहस, कपट, अविचार असे जे दोष स्त्रियांच्या स्वभावातले म्हणून सांगितले जातात, ते एकेक घेऊन त्या विचारतात की हा पुरुषांत नाही काय. मल्लीच्या कथेत कपटाचा दंड म्हणून स्त्रीजन्म मिळतो. ताराबाई कपटाचा वाटा दोघांत मोजून दाखवतात. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' निघाले. त्यात पतिभक्तीचा उपदेश बराचसा पारंपरिक आहे, पण आत्मोन्नतीसाठी स्वावलंबन हवे आणि त्यासाठी विद्या हवी, हा त्याचा कणा आहे. रमाबाईंचे पुढचे आयुष्य त्या पुस्तकाच्या पुष्कळ पुढे गेले.

विसाव्या शतकात स्त्रीच्या नैतिक विकासाचा प्रश्न मानसशास्त्रात शिरला. लॉरेन्स कोलबर्गने नैतिक विकासाच्या पायऱ्या ठरवल्या त्या मुलग्यांच्या अभ्यासावरून, आणि मग त्या मापाने मुली खालच्या पायरीवर दिसू लागल्या. कॅरोल गिलिगनने १९८२ मध्ये दाखवले की दोष मापात आहे: हक्क आणि नियम यांच्या भाषेत विचार करणे हा एक मार्ग, नाती आणि जबाबदारी यांच्या भाषेत विचार करणे हा दुसरा. तिच्या मांडणीतून काळजीचे नीतिशास्त्र उभे राहिले. त्यात धोकाही आहे. काळजी घेणे हा स्त्रीचा स्वभावच, असे म्हणत म्हणत ते काम पुन्हा तिच्याच पदरात टाकता येते. हा धोका पुढच्या स्त्रीवादी विचारवंतांनी दाखवून दिला.

तो धोका पाथर्डीत पुस्तकी राहत नाही. शेजारच्या बीडप्रमाणे हा तालुकाही ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीनंतर इथली कुटुंबे कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून मिळणारी उचल 'कोयत्या'ला मिळते, आणि एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. ती ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटे कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, स्वयंपाक करून येते, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. जोडी लागते म्हणून मुलींची लग्ने लवकर लागतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. स्त्रीशरीर दुर्बल असते, या जुन्या प्रतिज्ञेची फडावर रोज परीक्षा होते. मजुरीचा हिशेब मात्र जोडीच्या नावाने होतो. तिच्या एकटीच्या श्रमाचा वेगळा आकडा त्यात नसतो.

मार्था नुस्बॉम यांचे 'विमेन अँड ह्यूमन डेव्हलपमेंट' (२०००) हे पुस्तक भारतातल्या दोन कष्टकरी स्त्रियांच्या आयुष्यापासून सुरू होते. अमर्त्य सेन यांच्यासोबत घडवलेल्या क्षमतादृष्टीतून त्या सद्गुणांचा प्रश्न उलटा मांडतात. विवेक, धैर्य, आत्मसन्मान हे गुण माणसात वाढतात ते शरीराची सुरक्षितता, शिक्षण, विश्रांती आणि स्वतःच्या आयुष्याची आखणी करण्याची मोकळीक असेल तेव्हा. ती नसताना गुण दिसत नाहीत म्हणून स्वभावाला बोल लावणे हा मिलने दाखवलेलाच दोष. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके स्त्रीला आत्मविश्वास वाढवायला सांगतात. सहा महिने कोपीवर राहणाऱ्या पोरीची शाळा हंगामात सुटते, हे त्यांच्या हिशेबात नसते.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ज्यांच्या नावाने ती आहे त्या भगवानबाबांचा गड याच तालुक्यात आहे. योजनेत ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहे ठरली. प्रत्येक तालुक्यात एक मुलांचे आणि एक मुलींचे, म्हणजे निम्मी वसतिगृहे मुलींसाठी. आईवडील फडावर असताना मुलीला गावातच राहून शाळा चालू ठेवता यावी, हा योजनेचा हेतू.